त्रेपन्न डॉलर

परवा कपाट आवरताना एक लाल पुठ्ठ्याची वही सापडली. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "दौरा, सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९". आत डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, आणि शेवटच्या पानाला क्लिपने अडकवलेल्या तीन पावत्या. त्या पावत्यांची मला अजूनही थोडी लाज वाटते. म्हणून म्हटलं, आज त्यांच्याबद्दलच लिहावं.

मी पेशाने हिशेबनीस. व्हँकूवरमध्ये राहून आता बरीच वर्षं झाली. संगीतातलं मला जे काही कळतं ते श्रोत्याच्या खुर्चीवरून. तर आमच्या मजल्यावर, दोन दारं सोडून, एक बाई राहतात. गिटार वाजवतात, स्वतःची गाणी स्वतः लिहितात आणि स्वतःच गातात. त्यांचा पाच जणांचा बँड आहे: त्या स्वतः, एक व्हायोलिनवाला, एक मॅन्डोलिनवाली, एक बासवाला आणि एक ड्रमवाला. तेव्हा बँडला चौदा वर्षं झाली होती. आमची ओळख झाली ती आयकराच्या विवरणपत्रामुळे. दर एप्रिलला त्या बुटाच्या खोक्यात कोंबलेल्या पावत्या घेऊन यायच्या आणि मी त्यांचं विवरणपत्र भरून द्यायचो. मोबदला म्हणून एक सीडी आणि घरी केलेला जॅम.

त्या वर्षी त्यांचा गाडी चालवणारा, खोकी उचलणारा, दारात तिकिटं फाडणारा माणूस ऐन वेळी गळाला. माझी रजा शिल्लक होती. त्या म्हणाल्या, "तुला गाडी चालवता येते, हिशेब ठेवता येतो, आणि तुला गाता येत नाही म्हणून तू मध्ये लुडबुडही करणार नाहीस. येतोस?"

मी लगेच हो म्हटलं. मग त्या थोड्या गंभीर झाल्या. "एक गोष्ट सांगून ठेवते. गेली तीन वर्षं आम्ही पदरमोड करून हिंडतोय. या वेळी खर्च निघाला तर पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. नाही निघाला तर दौरे बंद. बाकीच्यांना हे सांगू नकोस. शेवटच्या दिवशी मला फक्त आकडा सांग."

म्हणजे बघा, गाणार ते आणि निकाल लावणार माझी वही!

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "किती देणारेत?"

"काही नाही गं. जेवण आणि राहणं त्यांच्याकडे."

"अरे देवा. अण्णांवर गेलास."

अण्णा म्हणजे आईचे वडील, माझे आजोबा. ते एका नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. वर्षातले आठ-नऊ महिने बिऱ्हाड पाठीवर. आजी माहेरी, आई लहान. बोलपट आल्यावर अशा कंपन्या एकामागून एक कशा बसल्या हे तुम्हाला माहीतच आहे. अण्णांची कंपनी कशीबशी तग धरून होती, पण शेवटी तीही बुडाली आणि अण्णा ट्रंक आणि पेटी घेऊन घरी आले. नंतर त्यांनी एका वखारीत कारकुनी केली. आमच्या घरात "नाटक कंपनी" हा शब्द "कर्ज" या शब्दाला पर्याय म्हणून वापरला जायचा. मी हिशेबनीस झालो त्यात याचा वाटा किती, देव जाणे.

असो. तर निघालो.

पहिला कार्यक्रम व्हँकूवरमध्येच, वाइज हॉलमध्ये. पूर्वी हे एक चर्च होतं. वेल्श, आयरिश, स्कॉटिश आणि इंग्लिश या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून हॉलला हे नाव पडलं. तो ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव अडॅनॅक. ते उलटं वाचलं की 'कॅनडा' होतं, हे मला कित्येक वर्षं त्या रस्त्यावरून ये-जा करूनही कळलं नव्हतं, बासवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं! त्या रात्री एकशे बारा तिकिटं गेली. वहीच्या डाव्या बाजूला पहिला आकडा लिहिताना मला वाटलं, हे तर सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी हॉर्सशू बेच्या धक्क्यावर पोचलो आणि समजलं की सोपं नाही.

या किनाऱ्याचा नकाशा एकदा बघाच. समुद्र जमिनीत इतका खोलवर घुसलाय की डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये रस्त्याला जागाच उरत नाही. व्हँकूवरच्या वायव्येला 'सनशाइन कोस्ट' म्हणून जो पट्टा आहे तो बेट नाही, मुख्य भूमीच आहे. तरी तिथे गाडीरस्त्याने जाता येत नाही, बोटीनेच जावं लागतं. गाडी बोटीत घालायची, चाळीस मिनिटांनी लँगडेलला उतरायचं, रस्ता संपेपर्यंत जायचं आणि पुन्हा गाडी बोटीत घालायची. त्यामुळे इथे दौरा आखताना आधी बोटीचं वेळापत्रक समोर ठेवतात आणि मग कार्यक्रमाच्या तारखा ठरवतात. शेवटची बोट साडेनऊची असेल तर गाणं नऊला संपतं. मग श्रोते कितीही रंगात आलेले असोत!

आणि बोटीचं भाडं? गाडीची लांबी फुटांत मोजतात. ठरावीक लांबीच्या पुढे प्रत्येक फुटाला जादा पैसे. आमच्या व्हॅनमागे वाद्यांचा ट्रेलर. शिवाय हॉर्सशू बेला जातानाच परतीचंही भाडं घेतात. आम्ही तर त्या वाटेने परत येणारच नव्हतो! खिडकीतल्या बाईंना मी हे समजावून सांगायला लागलो तर मागच्या सीटवरून पाचही जण हसायला लागले. चौदा वर्षांत प्रत्येक नव्या माणसाने हा वाद घातला होता म्हणे.

त्या रात्री रॉबर्ट्स क्रीकच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हे गाव स्वतःला गंमतीने 'गमबूटांचं राष्ट्र' म्हणवतं, आणि खरंच, दाराशी गमबूटांची रांग लागली होती. साठेक माणसं आली. मध्यंतरात एका आजींनी मला विचारलं, "तू काय वाजवतोस?" म्हटलं, "कॅल्क्युलेटर." त्या इतक्या हसल्या की दोन सीडी घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी अर्ल्स कोव्ह ते सॉल्टरी बे, पन्नास मिनिटांची दुसरी बोट. डेकवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना थेट पाण्यात उतरणारे डोंगर दिसतात. मॅन्डोलिनवाली तिथे रोज रियाज करायची. गारठ्यात बोटं वळत नाहीत, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये हात काखेत धरायची. ती मला म्हणाली, "आमचे खरे श्रोते हेच. पन्नास मिनिटं कुणी उठून जाऊ शकत नाही."

पॉवेल रिव्हर हे कागद गिरणीचं गाव. वर्तमानपत्राचा कागद इथे १९१२ पासून बनत होता आणि एके काळी ही जगातल्या सर्वांत मोठ्या कागद गिरण्यांपैकी एक होती. गिरणीसमोर समुद्रात काँक्रीटची जुनी जहाजं साखळीने एकमेकांना बांधून तरंगत ठेवलेली. त्यातली बरीचशी दुसऱ्या महायुद्धातली. लाकडाच्या ओंडक्यांना लाटा लागू नयेत म्हणून बांधलेला हा बांध. आम्ही गेलो तेव्हा गिरणी चालू होती, पण गावात कुजबूज होती. २०२१ मध्ये ती थांबली आणि नंतर कायमचीच बंद झाली.

त्या रात्री सत्तावीस माणसं आली. दीडशे खुर्च्या मांडलेल्या आणि सत्तावीस माणसं! तीही विखुरलेली, कारण प्रत्येकाला आपली नेहमीची जागा हवी. मी दारात बसून हॉलचं भाडं वजा करून बघत होतो. हाताशी उरत होते पेट्रोलपुरतेही नाहीत.

गाणारीने स्टेजवरून खाली बघितलं, माइक बाजूला सारला आणि म्हणाली, "सगळे पुढे या. आम्हीही खाली येतो." पाचही जण स्टेजवरून उतरले, सत्तावीस खुर्च्यांचं कोंडाळं केलं आणि माइकशिवाय गायले. मला वाटलं, आता उरकतील. उरकलं नाही. शेवटी गिरणीतल्या रात्रपाळीला जाणारा एक माणूस डबा हातात धरून उभ्या उभ्या एक गाणं ऐकत राहिला आणि मग धावत गेला. मी त्याला तिकिटाचे पैसे परत देऊ केले, कारण त्याने अर्धाच कार्यक्रम ऐकला होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते पाकीट परत खिशात घातलं.

पुढे दीड तासाची बोट, पॉवेल रिव्हर ते कोमॉक्स, म्हणजे व्हँकूवर बेटावर. मग कंबरलंड, कोळशाच्या खाणींचं जुनं गाव. जिंजर गुडविन नावाचा कामगार पुढारी १९१८ मध्ये या परिसरात पोलिसाच्या गोळीने मारला गेला. तो इथल्या दफनभूमीत आहे. त्याच्या मृत्यूनंतर व्हँकूवरमध्ये एक दिवसाचा सार्वत्रिक संप झाला होता. आमचा ड्रमवाला कंबरलंडला आला की आधी तिथे जाऊन येतो. पबमध्ये तुडुंब गर्दी, लोक नाचत होते. पण बिदागी ठरीव होती. गर्दी कितीही झाली तरी वहीत तोच आकडा. हिशेबात उत्साहासाठी रकाना नसतो.

पाचवा कार्यक्रम हॉर्नबी बेटावर. तिथे जायला दोन बोटी. पहिली डेन्मन बेटाची, आणि ती मला फार आवडली, कारण ती दोरावर चालते! पाण्याखालून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे तारेचे दोर टाकलेत आणि बोट त्यांना धरून स्वतःला ओढत पलीकडे नेते. २०१६ पासून ही सोय आहे. मला आमच्या कोकणातली तर आठवली. तिथेही खाडीच्या या काठाहून त्या काठाला दोर बांधलेला असायचा आणि तरवाला हातांनी ओढायचा. सहा डोळे माझ्याकडे बघताहेत असं वाटून मी वळलो, तर तिघे जण मी मराठीत काय पुटपुटतोय ते ऐकत होते.

हॉर्नबीहून परतीची शेवटची बोट लवकर सुटते. म्हणजे जो गायला येतो तो मुक्कामालाच राहतो. हॉलवाल्यांनी आम्हाला चार घरांत वाटून दिलं. नाटक कंपनीचा मुक्काम पडला की गावातली घरं नटांना अशीच वाटून दिली जायची, असं आजी सांगायची. फक्त तिच्या सांगण्यात ते कौतुकाने नसायचं. मला मिळालेल्या घरातल्या काकूंनी सकाळी निघताना सफरचंदांची एक पिशवी दिली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी कधी?" मी म्हटलं, "बघू." पुढच्या वर्षीचं उत्तर माझ्या पाठीवरच्या पिशवीतच होतं, लाल पुठ्ठ्याच्या वहीत.

मग उत्तरेकडे. कॅम्पबेल रिव्हर सोडलं की पोर्ट मॅकनीलपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर जंगल. मोबाईलला सिग्नल नाही, मधे मोठं गाव नाही. झाडं, पाऊस आणि लाकडं भरलेले ट्रक. पोर्ट मॅकनीलच्या मोटेलमध्ये रात्री मी बेरीज केली. तीन कार्यक्रम बाकी, आणि आम्ही बऱ्यापैकी खड्ड्यात. उरलेले तिन्ही चांगले झाले तरी शेवट शून्याच्या खालीच येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शेजारच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते. व्हायोलिनवाला कुठली तरी नवी चाल दाखवत होता, बाकीचे त्यात आपापलं काही घालत होते. पुढच्या वर्षासाठीची चाल.

मी खर्चाच्या ढिगातून तीन पावत्या बाजूला काढल्या. हॉर्सशू बेची बोट, कोमॉक्सची बोट आणि कॅम्पबेल रिव्हरचं पेट्रोल. तिन्ही मिळून चारशे बारा डॉलर. वहीतलं ते पान फाडलं आणि त्या तीन नोंदी वगळून पुन्हा लिहून काढलं. माझ्याच खिशातून गेले असं समजायचं, कुणाला कळणार आहे? वीस वर्षांच्या नोकरीत मी एक पैसाही इकडचा तिकडे केला नव्हता. त्या रात्री केला आणि चांगली झोप लागली, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सॉइंटुला. पोर्ट मॅकनीलहून बोटीने अर्ध्या तासाच्या आत माल्कम बेट येतं, त्यावरचं हे पाच-सहाशे वस्तीचं गाव. नाव फिनिश. 'सॉइंटू' म्हणजे सुरांचा मेळ, एकत्र वाजणारे स्वर. संगीतात ज्याला कॉर्ड म्हणतात त्यालाही फिनिशमध्ये हाच शब्द. सॉइंटुला म्हणजे मेळाची जागा. बँडने वर्षातून एकदा तरी इथे यायचंच, असा नियम होता. गाव लहान असो वा तिकिटं कमी जावोत.

गावाची गोष्ट तिथल्या म्युझियममध्ये वाचली. नानाइमोच्या कोळसा खाणीतल्या फिनिश मजुरांना आपली अशी वसाहत हवी होती, जिथे मालक नसेल आणि सगळं सगळ्यांचं असेल. त्यांनी मॅटी कुरिक्का नावाच्या लेखक-संपादकाला बोलावून घेतलं आणि १९०१ मध्ये या बेटावर वसाहत सुरू केली. वर्तमानपत्र काढलं. १९०३ च्या जानेवारीत राहत्या इमारतीला आग लागून अकरा जण गेले. कर्ज तर आधीपासूनच होतं. ते फेडायला त्यांनी व्हँकूवरच्या उत्तरेला कॅपिलानो आणि सीमोर नद्यांवर पूल बांधायचं कंत्राट घेतलं. कुरिक्काने निविदा इतकी कमी भरली होती की माणसं महिनोन्‌महिने राबली आणि उलट तोटाच झाला. १९०४ मध्ये कुरिक्का निम्मी माणसं घेऊन निघून गेला. १९०५ मध्ये कंपनी बुडाली.

मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा होतो. कुरिक्काने पुलाचा खर्च कमी लिहिला तो काही चोरी करायला नव्हे. त्याला काम मिळवायचं होतं, वसाहत टिकवायची होती. चांगल्या हेतूने लिहिलेला खोटा आकडा. वहीतलं माझं नवं पान आठवून माझे कान गरम झाले.

पण गोष्ट तिथे संपत नाही. कंपनी बुडाली तरी काही कुटुंबं बेटावरच राहिली. मासेमारी केली, लाकडं तोडली, १९०९ मध्ये सहकारी दुकान काढलं. ते दुकान आजही चालू आहे! त्याच दुकानातून आम्ही दुपारी ब्रेड आणि चीज घेतलं. संध्याकाळचा कार्यक्रमही त्या फिनिश लोकांच्या जुन्या लाकडी हॉलमध्ये. त्रेचाळीस माणसं आली. गाणं संपल्यावर कुणी लगेच उठून गेलं नाही. सगळ्यांनी मिळून खुर्च्या घड्या केल्या, रचून ठेवल्या. एका मुलाने केबलची भेंडोळी नीट गुंडाळून दिली. मग कुणाच्या तरी घरी सौना. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा तोटा कुणाच्या लक्षात नव्हता, आणि तरी तो तिथे भिंतीवर, पाटीवर, आकड्यांसकट खरा लिहिलेला होता.

दुसरा दिवस सुट्टीचा. पोर्ट मॅकनीलला परत येऊन दुसऱ्या बोटीने अलर्ट बेला गेलो. तिथे नमगीस लोकांचं गाव आणि उमिस्ता सांस्कृतिक केंद्र आहे. या किनाऱ्यावरच्या आदिवासी लोकांमध्ये पॉटलॅच नावाचा सोहळा असतो. लग्न, बारसं, मृत्यू, वारसा अशा प्रसंगी यजमान सगळ्यांना बोलावतो, गाणी आणि नाच होतात आणि आलेल्यांना भेटी वाटल्या जातात. पाहुणे नुसते पाहुणे नसतात, साक्षीदार असतात. जे झालं ते पुढे लक्षात ठेवायचं, हे त्यांचं काम, आणि भेट त्यासाठी. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून यावर कायद्याने बंदी घातली, ती उठायला १९५१ साल उजाडलं. १९२१ मध्ये जवळच्याच एका बेटावर मोठा पॉटलॅच झाला, तेव्हा लोकांना अटक झाली. शिक्षा टाळायची तर मुखवटे आणि दागिने सरकारजमा करा, असं सांगण्यात आलं. ज्यांनी ऐकलं नाही ते तुरुंगात गेले. गाणं म्हटलं, नाच केला, भेटी दिल्या, हे गुन्हे. ते मुखवटे परत मिळवायला पुढच्या पिढ्यांना झगडावं लागलं आणि १९८० मध्ये त्यांच्यासाठी हे केंद्र उघडलं.

व्हायोलिनवाला एरवी गप्प बसत नाही. तिथून बाहेर पडल्यावर परतीच्या बोटीपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. आमच्या दौऱ्याची त्याच्याशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एवढंच सांगतो, की ज्याने वाटून टाकलं त्याचं नाव मोठं, हा हिशेब मला कुठल्याच परीक्षेला नव्हता. आणि साक्षीदाराने आपल्या मनाचं काही लिहायचं नसतं, हेही तिथे नीट कळलं. तरीही मी पावत्या बाहेर काढल्या नाहीत. का? धीर झाला नाही, दुसरं काय!

नानाइमो बरं झालं. शेवटचा कार्यक्रम व्हिक्टोरियाला, तो उत्तम झाला. उरलेल्या सगळ्या सीडी खपल्या. रात्री बेरीज केली. वहीत जमा बाजू चौऱ्याण्णव डॉलरने जास्त. म्हणजे नफा! म्हणजे पुढच्या वर्षी दौरा!

सकाळी स्वार्ट्झ बेहून परतीची बोट. तासा-दीड तासाचा प्रवास. मधे अ‍ॅक्टिव्ह पास नावाची अरुंद खाडी लागते, तिथे बोट वळते तेव्हा भोंगा वाजवते. आम्ही दोघं डेकवर कॉफी घेऊन उभे होतो.

"सांग," त्या म्हणाल्या.

"चौऱ्याण्णव डॉलर. फायदा."

त्यांनी वही मागितली. पानं उलटली. फार वेळ नाही, दोन मिनिटं. मग शांतपणे विचारलं, "हॉर्सशू बेची बोट कुठाय?"

चौदा वर्षं ज्या बाईने फुटाफुटाचं भाडं भरलंय तिला ते पाठ असणार, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? मी पाकिटातून तिन्ही पावत्या काढून दिल्या. काही बोललो नाही. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे तीनशे अठरा तोटा."

"हो."

"तीनशे अठराच?"

मला वाटलं, रागावल्या. त्या हसत होत्या. "अरे, मी दीड हजार धरून चालले होते. गेल्या वर्षी अठराशे गेले होते." मग परत गंभीर. "पण तू चौऱ्याण्णव सांगितलं असतंस आणि मी मानलं असतं, तर पुढच्या वर्षी त्या भरवशावर मी चार कार्यक्रम जास्त ठरवले असते. मग काय झालं असतं?"

काय झालं असतं ते मी सॉइंटुलाच्या पाटीवर वाचलं होतं. मान खाली घालून उभा राहिलो.

त्या आत गेल्या. बाकीचे चौघे टेबलापाशी पत्ते खेळत होते. त्यांना म्हणाल्या, "तीनशे अठरा भागिले सहा. प्रत्येकी त्रेपन्न डॉलर काढा."

ड्रमवाला म्हणाला, "भागिले पाच ना?"

"सहा," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे हात केला. "तुझेही."

मी त्रेपन्न डॉलर दिले. त्यांनी माझे चारशे बारा परत केले, वर पावत्याही दिल्या. "या ठेव. पुढच्या वर्षी विसरशील."

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, मार्चपासून सगळे हॉल बंद झाले आणि तो दौरा झालाच नाही. नंतर पुन्हा निघालो ते २०२२ च्या शरदात, ट्रेलर न घेता, पाचच कार्यक्रम. सॉइंटुला होतंच.

त्या दिवशी घरी पोचल्यावर आईला फोन केला होता. म्हटलं, "पैसे मिळाले नाहीत, उलट त्रेपन्न डॉलर गेले."

"म्हणजे किती रे?"

"अठ्ठावीसशे रुपये होतील."

ती जरा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, आता नाटक कंपनीचा उद्धार होणार. पण ती म्हणाली, "अण्णांची वही होती, तुला माहितीये? कंपनी बुडाली तेव्हा सगळ्यांनी देणं वाटून घेतलं. अण्णांच्या नावावर पंचाहत्तर रुपये आले. तीन वर्षं फेडत होते. आजी चिडायची, आणि अण्णा म्हणायचे, अगं, पेटीवाल्याला कोण भागीदार धरतं? मला धरलं त्यांनी."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही ते तेव्हाच आठवलं असावं.

वही परत कपाटात ठेवली आहे. पावत्याही.